लेकरांची रांग

आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी लहान लेकरांची वेगळी रांग असते. त्यांना भाकर आणि द्राक्षारस मिळत नाही. पाळक नुसता डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. नंदनवन वस्तीत कूलर दुरुस्त करणारे एक काका आहेत, सत्तरीला आलेले. स्वतःचं भोजन घेऊन झालं, की ते या रांगेतही उभे राहतात.

"आबाजी, मधात घुसू नका ना!" पोरं ओरडतात.

"नाही गा, मी मागंच आहो," म्हणत ते खरोखरच मागे सरकतात. पाळकांचा हात डोक्यावरून निघाला, की दर रविवारी आशीर्वाद पहिल्यांदाच मिळाल्यासारखे चकित होऊन हसतात.

मी मात्र बाकावरच बसून असायचो. वडील कन्हानच्या घरी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा त्यांनी बोलावूनही मी गेलो नाही. ते वारल्यापासून प्रभूच्या मेजाजवळ जायची लाज वाटायची. हे कुणाशी बोललो नव्हतो.

गेल्या रविवारी काका माझ्यापाशी थांबले. "काहून बसून राहिला गा?"

"माझी लायकी नाही, काका," तोंडून निघून गेलं.

"मंग लेकराइच्या रांगेत चाल. तिथं लायकी कोणी पाहत नाही."

त्यांनी माझं बोट धरलं आणि पन्नाशीचा मी त्यांच्यामागून गेलो. पाळकांचा हात माझ्यापर्यंत येत होता, तेव्हा काका श्वास रोखून टक लावून पाहत होते. देव आता येणारच, याची एवढी खात्री मी कुणाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती.

मी त्या हाताखाली डोकं झुकवलं.