ट्यूबलाइटखालची रोपं

पेटलेल्या ट्यूबलाइटखाली हात उलटा धरून त्या थोडा वेळ थांबायच्या. तळहात नाही, हाताची पाठ. मग म्हणायच्या, "उजेड अंगाशी हवा, सर. चटका नको."

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस धुळ्यातल्या देवपूरच्या आमच्या कॉलेजात तुम्ही आला असाल, तर वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरण्या पुसणाऱ्या या बाई तुम्हालाही दिसल्या असतील. त्या परिचर होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. मी नुकता नोकरीला लागलेलो, वयानं त्यांच्या मुलाएवढा. तरी मी त्यांचा 'सर'च होतो.

आमची प्रयोगशाळा उत्तरेकडे तोंड करून होती. धुळ्यात ऊन काही कमी नाही, पण आमच्या खिडकीत ते वर्षभर यायचं नाही. प्रॅक्टिकलला रोपं लागायची आणि ती दरवेळी कुणाच्या तरी मळ्यातून मागून आणावी लागायची. एकदा कुठल्याशा मासिकात दिव्याखाली रोपं वाढवल्याचं मी वाचलं आणि उत्साहानं बरण्यांचं लोखंडी रॅक रिकामं करून घेतलं. प्रत्येक फळीच्या वर दोन ट्यूब, तिन्ही बाजूंना पांढरा कागद, पुढं प्लास्टिकचा पडदा. झालं आमचं हरितगृह!

पहिली रोपं उंच, पांढुरकी, दोऱ्यासारखी वाढली आणि आडवी झाली. मी खतं बदलत बसलो. अक्कांनी दोन दिवस नुसतं पाहिलं. मग बाहेरून विटा आणल्या आणि ट्रेखाली रचल्या. रोपं ट्यूबपासून चार बोटांवर आली.

"बिचारी उजेड शोधत वर पळत होती," त्या म्हणाल्या. "आपणच दूर ठेवलेला."

पुढची रोपं बुटकी, जाड देठाची झाली. विभागप्रमुख साहेबांनी माझं कौतुक केलं. मी ते ऐकून घेतलं.

सकाळी सहाला ट्यूब लावायच्या आणि रात्री आठला बंद करायच्या, हे काम अक्कांनी स्वतःकडे घेतलं. रविवारीही यायच्या. मी एकदा म्हटलं, "अक्का, शिपायाला सांगू. तुम्हाला घरचं काम असेल."

"घरी काय काम असतंय, सर?" म्हणाल्या आणि पाण्याचा डबा भरायला गेल्या. याहून जास्त मी कधी विचारलं नाही.

एका जुलैत सगळ्यात खालच्या फळीवर एक ट्रे जास्तीचा दिसला. अक्का चोरी पकडल्यासारख्या उभ्या राहिल्या. त्यांच्या आईच्या हातचं वांग्याचं बियाणं होतं ते, भरताच्या हिरव्या वांग्यांचं. पारोळ्याजवळच्या त्यांच्या खेड्यात आई ते विहिरीकडेला लावायची. आई गेल्यावर राखेत घोळवलेल्या बियांची पुरचुंडी अक्कांकडे आली होती.

"बी जुनं झालंय. यंदा नाही उगवलं तर संपलं," त्या म्हणाल्या.

निम्मंअधिक उगवलं. महिनाभर अक्का त्या ट्रेजवळून हलल्या नाहीत.

राखीपौर्णिमेला मी बहिणीकडे जळगावला निघालो होतो. अक्का त्याच एसटीत, मांडीवर रोपांचं खोकं घेऊन. पारोळ्याला उतरताना ते त्यांना झेपेना, म्हणून मीही उतरलो आणि जवळच्या खेड्यात त्यांच्या भावाच्या घरापर्यंत गेलो. भाऊ धाकटा, साधा माणूस. त्यानं मला चहा दिला, अक्कांकडून राखी बांधून घेतली आणि खोक्याकडे पाहून ओशाळला. सगळ्या शेतात आता कपाशीच होती.

"अक्का, बठ्ठी कपाशी शे आते. वांगास्ले जागा कोठे शे?"

"विहीरजोडे?"

"तठे बी कपाशी."

अक्कांनी मान हलवली. जेवायचा आग्रह झाला, पण त्या थांबल्या नाहीत. पारोळ्याच्या स्टँडवर येऊन बाकावर बसल्या, पदरानं तोंड पुसलं. मग उठल्या आणि शेतकरी दिसेल त्याला विचारू लागल्या, घराजवळ पाणी आहे का म्हणून. 'हो' म्हणणाऱ्याच्या हातात ओल्या मातीसकट दोन-दोन रोपं कागदात गुंडाळून दिली.

एका म्हातारीनं विचारलं, "कितलाले?"

"पैसा नको, माय. एक वांगं बियाले ठेवजो."

खोकं रिकामं झालं. मी म्हटलं, "एखादं तरी ठेवायचं, अक्का."

"कुठं लावू? माझ्या खोलीत ऊन नाही," त्या म्हणाल्या.

माझी गाडी लागली. मी चढलो. त्या धुळ्याच्या गाडीची वाट पाहत थांबल्या.

त्याच हिवाळ्यात दोन दिवस अक्का आल्या नाहीत. ट्यूब मीच लावल्या, मीच बंद केल्या. त्यांच्या खोलीवर जाऊन पाहावं, हे मनातसुद्धा आलं नाही. तिसऱ्या दिवशी शिपाई सांगत आला, अक्का तापानं गेल्या.

महिन्याभरानं त्यांचा भाऊ कागदपत्रांवर सही करायला कॉलेजात आला. काम झाल्यावर माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"सर, तुमनं घर व्हतं म्हनीसन आम्हले काळजी नव्हती."

मला कळेना. मग त्याच्या बोलण्यातून हळूहळू उलगडलं. अक्का दर आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गावी जाऊन सांगायच्या, की सरांची आई मला एकटीला जेवू देत नाही. संध्याकाळी त्यांच्याकडेच असते मी. त्या मला सोडतच नाहीत.

"माय घर शे का? नमस्कार करना शे माले," तो म्हणाला.

माझ्या आईनं अक्कांना कधी पाहिलंही नव्हतं. तरी मी त्याला घरी घेऊन गेलो. दारात आईला बाजूला घेऊन दोन वाक्यांत सगळं सांगितलं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी मान खाली घातली.

मग ती पुढं झाली, भिंतीशी चटई टाकली आणि ताट वाढायला घेतलं.

"बसा दादा," ती म्हणाली. "अक्का इथंच बसायच्या."

तो लगेच बसला नाही. आधी वाकून त्यानं चटईवरून हात फिरवला.