पांदणीनं वर, कॅनॉलनं परत

रोज एकाच रस्त्यानं चालणाऱ्या माणसांची चरबी कमी होवो न होवो, किस्से मात्र वाढत जातात. आमचे सहा वर्षांचे साठले आहेत. शेठ ते दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात, गुरुजी फोनवर मुलीला सांगतात. मी सांगत नाही, कारण निम्म्या किश्शांत चूक माझी आहे. त्यातल्या एका चुकीनं आम्ही चौघांचे तिघे झालो.

आम्ही बोरगाव मेघेचे. मी कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होतो. शिक्षण चौथी. सगळे मला मिस्तरी म्हणतात. बाबाराव त्याच जिनिंगमध्ये शेजारच्या मशीनवर, तीस वर्षं. तो मला महाद्या म्हणायचा. शेठचं किराणा दुकान. गुरुजी शाळेतून रिटायर झालेले. डॉक्टरनं चौघांनाही एकच सांगितलं, "पोट कमी करा. चाला."

पाण्याच्या टाकीपासून पांदणीनं, म्हणजे शेतांमधल्या गाडीवाटेनं, वर पुलापर्यंत जायचं आणि कॅनॉलच्या काठानं परत टाकीशी यायचं. तासाभराचा गोल. वेळ मी ठरवली, वेग मी ठरवला. नियम एकच : थांबायचं नाही.

*

पहिल्याच दिवशी शेठ नवा ट्रॅकसूट घालून स्कूटरवर आले. त्यांचं घर टाकीपासून दोनशे पावलांवर.

मी विचारलं, "शेठ, गाडी कायले आनली?"

"वा! चालून चालून थकलो तं घरी कसा जाईन, मिस्तरी?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या स्कूटरची किल्ली काढून खिशात ठेवली. शेठ घरी पायी गेले. दिवसभर दुकानात बसून माझ्या नावानं शिव्या दिल्या, असं गुरुजी म्हणाले. मला बरं वाटलं. तेव्हा असंच बरं वाटायचं.

*

परतताना कोपऱ्यावर पोह्यांचा ठेला लागतो. वरून लाल तर्री, तेलाचा तिखट रस्सा. मी शेठना तिथं बंदी केली. शेठ हात जोडून म्हणाले, "सोडले बाप्पा पोहे!"

महिन्याभरानं तो ठेलेवाला मला रस्त्यात भेटला. चेहरा काळजीचा. "मिस्तरी, शेठची तब्येत ठीक हाय ना?"

"काऊन?"

"दोन दिवसांपासून दुसरी प्लेट नाई घेऊन राह्यले!"

*

गुरुजींची मुलगी पुण्याला असते. तिनं त्यांना पावलं मोजणारं घड्याळ पाठवलं. आकडा तिला तिकडे फोनवर दिसतो. कमी दिसला की ती बापाला झापते. आयुष्यभर पोरांना झापलेला माणूस, पण मुलीपुढे चिडीचूप.

एकदा गुरुजी सर्दीनं आले नाहीत. आम्ही तिघं त्यांच्या घरावरून जात होतो. पाहतो तर गुरुजी ओट्यावर बसून घड्याळाचा हात सपासप हलवत होते.

बाबारावनं विचारलं, "गुरुजी, माश्या हाकलून राह्यले का?"

"नाही रे. पोरीचं समाधान करून राह्यलो."

बाबाराव पोट धरून हसला. त्याचं पोट धरायला दोन्ही हात लागायचे.

*

आता बाबारावचं.

तो चालायचा कमी, थांबायचा जास्त. कोणाच्या तुरीवर अळी पडली, कोणाची सून माहेरी गेली, सगळं विचारायचा. कुत्र्यांसाठी खिशात पोळीचे तुकडे. मी पुढून ओरडायचो, तो मागून हात वर करायचा.

एका सकाळी एक म्हातारा पांदणीत बैल धरून उभा होता. बैल लंगडत होता. बाबाराव खाली बसला, बैलाचा पाय मांडीवर घेतला. दहा मिनिटं गेली. आम्ही उभे. माझं डोकं तापलं.

"बाबाराव, हे फिरनं हाय का वरात? पोट रांजनाएवढं, अन् चाल गाभन म्हशीची! तुह्यापायी तीन मानसं अडून राह्यले. तू येगळाच येत जाय!"

शेठ हसले. गुरुजी हसले. तो म्हातारासुद्धा हसला. बाबाराव उठला, गुडघ्याची माती झटकली.

"बरं, मिस्तरी," म्हणाला.

तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला मिस्तरी म्हटलं.

खुरातून निघालेला काटा त्याच्या तळहातावर होता. बोटाएवढा. तो मला दिसत होता. तरी मी बोललो.

*

दोन दिवस तो आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पण समोरून! आम्ही पांदणीनं वर, तो कॅनॉलनं वर. पुलावर गाठ पडली. शेठना रामराम केला, गुरुजींना नमस्कार केला. माझ्याकडे पाहिलं आणि पुढे गेला.

मी शेठना म्हणालो, "आठ दिवसात येते ठिकानावर."

त्याला दोन वर्षं झाली. रोज पुलावर गाठ पडते. हळूहळू त्याच्यामागे माणसं जमली. मजुरीला जाणाऱ्या बाया, दूधवाला, शेतात निघालेले लोक. ते सगळे थांबत, बोलत येतात. आमच्याकडे फक्त बुटांचा आवाज.

*

मागच्या पावसाळ्यात माझा गुडघा धरला. शेठनं न विचारता ते पुलावर सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी बाबारावनं शेठच्या हातात तेलाची बाटली दिली. त्याच्या बायकोनं लसूण घालून कढवलेलं.

"मिस्तरीले देजा. माहं नाव सांगू नका."

शेठनं तिथंच, माझ्या तोंडावर सांगितलं, "मिस्तरी, हे बाबारावनं दिलं. नाव सांगू नका म्हनते!"

मी म्हणालो, "त्याले सांगा, माहे पाय ठीक हायेत."

बाबाराव दोन हातांच्या अंतरावर उभा होता. त्यानं ऐकलं.

आठ दिवसांनी शेठ जिना चढून माझ्या घरी आले. "मिस्तरी, काय तेल हाय! माहे दोन्ही गुडघे मोकळे झाले. असंच भांडत राह्यजा!"

त्या वेळी मी भिंतीला धरून उभा होतो.

*

डॉक्टरकडे वजन केलं. सहा वर्षांत मी दोन किलो उतरलो. बाबाराव दोन वर्षांत अकरा.

डॉक्टर म्हणाले, "मिस्तरी, तुम्ही इतकं कडक चालता. मग तो काय वेगळं करतो? जरा विचारा त्याला."

मी म्हणालो, "डॉक्टर, गोळी द्या."

घरी बायकोला वजन सांगितलं. ती पोळी लाटत होती. वर न पाहता म्हणाली, "कसं उतरन? फिरून आले का तुम्ही रागानंच जेवता. भुकेनं जेवून पाहा एखाद्या दिवशी."

*

या हिवाळ्यात शेठनं बातमी आणली. बाबारावच्या मुलानं नागपूरला घर बांधलं. आईबापांना तो कायमचं घेऊन चालला. सोमवारी टेम्पो येणार.

शनिवारी रात्री बायको एवढंच म्हणाली, "उद्याचा एकच दिवस हाय." तिला मी काहीच सांगितलं नव्हतं.

रविवारी मी शेठ आणि गुरुजींना येऊ नका म्हणून सांगितलं. दोन वर्षं तो मला समोरून येताना दिसला. एक दिवस त्याच्या बाजूनं चालावं, असं ठरवलं. काय बोलायचं तेही ठरवलं. दोनच वाक्यं होती. घरून निघताना तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिली.

टाकीवरून पांदण सोडली आणि कॅनॉलनं निघालो. सहा वर्षांत पहिल्यांदा उलटा गोल. धुकं होतं. वाटलं, तो पुढे गेला असेल. गुडघा ओढत झपाझप चाललो. एका बाईला विचारलं, "बाबाराव गेला का इकून?"

"आज नाई दिसले बा."

पुलाशी पोचलो. दम लागला होता. तेवढ्यात धुक्यातून एक माणूस आला. एकटाच. पांदणीकडून!

पुलाच्या मधोमध दोघंही थांबलो.

बाबारावनं माझ्याकडे पाहिलं, मग मी आलो त्या कॅनॉलकडे पाहिलं.

"आज इकून कसा?"

"असाच," मी म्हणालो. "अन् तू तिकून?"

"असाच."

मग तो कॅनॉलनं उतरला, मी पांदणीनं.