आईच्या कुड्या

माजिवड्याच्या दवाखान्यात लेकीचे कान टोचताना स्पिरिटचा वास आला आणि आई आठवली. तिच्या कानांची ओघळलेली भोकं इथेच ठाण्यात शिवून लहान करून घेतलेली. डॉक्टरांनी बजावलेलं, दोन महिने कानात काही घालायचं नाही. आठव्याच दिवशी टिटवाळ्याला घरी गेलो, तर तिच्या कानांत कुड्या, एक टाका उसवलेला आणि खांद्यावर रक्त.

"अगं आई, तुला सांगून काही उपयोग आहे का?"

"हॉस्पिटलात तुझ्या बाबांना भेटायला गेलेले. त्यांच्यापुढे ओक्या कानांनी कशी जाऊ?"

पुन्हा ठाण्याला नेताना मी वाटभर तिच्यावर चिडत राहिलो. बाबा तिच्याशी काय बोलले, हे विचारलंच नाही. दोन दिवसांनी ते गेले. आता चिडतो तो स्वतःवर.