विसाव्याचा दगड

आमच्या गावावरचा घाट अलीकडे लोकांना बघण्याजोगा वाटू लागलाय. सातपुडा आधीही तिथंच होता, फक्त त्याला रेलिंग नव्हतं. आता वरच्या वळणावर रंगीत फरशा आहेत, सिमेंटची बाकं आहेत, आणि रविवारी जळगावच्या गाड्या लावायला जागा पुरत नाही.

त्याच वळणावर खांद्याएवढ्या उंचीचा एक सपाट दगड होता. रानातून सरपण घेऊन उतरणाऱ्या बायका त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहायच्या. मान जराशी मागे नेली की डोक्यावरचा भारा अलगद दगडावर टेकायचा. दम खायचा, पाणी प्यायचं, पुन्हा भाऱ्याखाली डोकं घालून चालू लागायचं. उचलायला कुणाचा हात लागत नसे. आई मला पहिल्यांदा रानात घेऊन गेली तेव्हा तिनं आधी हा दगड दाखवला होता.

सुशोभीकरणात तो दरीत ढकलला गेला. फोटोत मध्ये यायचा म्हणे. मी नोकरीमुळे जळगावला असते, गावी गेले तेव्हा हे कळलं. तडक कामावरच्या साहेबांना गाठलं.

"ताई, बायकांसाठीच तर बाकं बसवलीत," ते गोड आवाजात म्हणाले.

बाक गुडघ्याएवढं. त्यावर भारा टाकता येतो, पण तिथून एकटीला तो परत डोक्यावर घेता येत नाही. मी दोनदा समजावलं. त्यांनी दोनदा मान हलवली आणि चहा मागवला. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. असा संताप आला की तो चहा मी तसाच टाकून आले.

आई साठीच्या पुढची. आता सगळा घाट ती भारा कुठंच न टेकवता उतरते आणि घरी आली की भिंतीला टेकून मान चोळत बसते. घरात गॅस आहे, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. रानात जाऊ नको म्हटलं तर म्हणाली, "मंग चुल्हामा काय रेलिंग घालू?"

गेल्या हिवाळ्यात वळणावर सिमेंटची एक बाई उभी केली. गुडघ्यापर्यंत लुगडं, डोक्यावर मोळी, गालावर हसू. लोक तिच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात.

एका रविवारी मी आईबरोबर रानात गेले होते. उतरताना आई सवयीनं त्या वळणावर थांबली. तिला धाप लागली होती. फोन धरलेली एक मुलगी अदबीनं म्हणाली, "मावशी, जरा बाजूला होता का? फोटोत येताय."

मी तोंड उघडणार, तोच आई बाजूला सरकली. भारा डोक्यावर तसाच, एक हात रेलिंगला. त्यांचे फोटो संपेपर्यंत ती तशीच उभी राहिली. मी दोन पावलांवर होते, पण तिला हात देऊ शकले नाही. माझ्याही डोक्यावर भारा होता, आणि तो ठेवायला तिथं जागा नव्हती.