आता ती जिना चढून राह्यली

मी घर सोडलं तो रविवार होता आणि बाबांनी खेळ बंद केला नव्हता. वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या आमच्या घरासमोर नागपूर विमानतळाला जाणारी गाडी उभी, ड्रायव्हर बॅगा चढवतोय, आणि आत टीव्हीवर एक काळीपांढरी बाई लांब सिगारेट धरून कुणाला तरी इंग्रजीत झापतेय. आई चमच्यात दही-साखर घेऊन आली. मी तळहात पुढं केला. दही तळहातावर पडलंच नाही, मनगटावरून थेट नव्या स्वेटरच्या बाहीत गेलं. मी कावले. "आई, लक्ष कुठं आहे तुझं? आता डब्लिनपर्यंत हा वास घेऊन जाऊ का?" ती म्हणाली, "जाऊ दे वं, शकुनाचंच हाये." बाबा फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "पोचली की फोन करजो. इकडची काळजी करू नको."

तुमच्यापैकी जे असे निघून गेले, त्यांना हे वाक्य पाठ असेल. आणि जे मागं राहिले, त्यांना एकदा हात जोडून सांगते की हे वाक्य बोलू नका. 'काळजी करू नको' म्हटलं की त्याच क्षणी काळजी सुरू होते. माझी सहा वर्षं त्यात गेली. फोन दोनदा वाजून तिसऱ्यांदा उचलला गेला नाही, की माझ्या डोक्यात सगळं काही होऊन जायचं. बाबा न्हाणीत पडले, गॅस चालू राहिला, दोघं दवाखान्यात आहेत. मग चौथ्यांदा आई उचलणार आणि म्हणणार, "अवं, भाजी फोडणीले टाकली होती."

खेळ म्हणजे बाबांचे इंग्रजी सिनेमे. ते वर्ध्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. नागपूरला कॉलेजात असताना रविवारी सकाळी स्वस्तात इंग्रजी खेळ लागायचे, तिथं हे वेड लागलं ते कायमचं. पुढं कॅसेट आल्या, सीड्या आल्या, आता इंटरनेटवर जुने सिनेमे फुकट मिळतात. पण सिनेमा काळापांढराच पाहिजे. रंगीत लागला की बाबा उठून फुटाणे आणायला जायचे. नटनट्यांची खरी नावं, त्यांची लग्नं, मोडलेली लग्नं, सगळं त्यांना तोंडपाठ. ती नावं इथं लिहीत नाही, कारण आमच्या घरात ती कधी चाललीच नाहीत. नावं आई ठेवायची. एक भुवया कोरलेली नटी होती, रागावली की मान तिरपी करायची. ती 'मंदा', कारण वडनेरची मंदामावशी नवऱ्यावर रागावली की हुबेहूब तशी. रेनकोट आणि हॅट घालून ओठ न हलवता बोलणारा एक नट होता. त्याला पहिल्यांदा पाहून आई म्हणाली, "याच्या तोंडात खर्रा हाये का?" आमच्याकडं तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात धरून लोक असंच बोलतात, म्हणून तो जन्माचा 'खर्रेवाला' झाला. साऱ्या जगातल्या बायका ज्याच्यासाठी झुरल्या तो माणूस आमच्याकडं खर्रा थुंकायला जागा शोधत फिरायचा.

आईला इंग्रजी येत नाही. म्हणून बाबा शेजारी बसून बोलणं सांगायचे. "तो म्हंते, मी उद्या येतो. ती म्हंते, तू कालबी असाच म्हणत होता." बोलणं नसलं की बाबा गप्प. मध्येच फक्त म्हणायचे, "पाह्य, चेहरा अर्धा अंधारात ठेवला. हे रंगीतवाल्यायले जमत नाई." लहानपणी मला या खेळांचा कंटाळा यायचा. मैत्रिणी नवे हिंदी सिनेमे पाहायच्या आणि आमच्या घरी मेलेली माणसं नाचायची.

डब्लिनला आल्यावर मात्र पहिल्याच हिवाळ्यात मीच बाबांना म्हटलं, रविवारी खेळ एकत्र पाहू. तिथं संध्याकाळचे सात, इथं दुपारचा दीड. बाबा फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून व्हिडिओ चालू ठेवायचे, त्यात मला आईचा चेहरा आणि बाबांचा एक खांदा दिसायचा. तोच सिनेमा मी लॅपटॉपवर लावायची. हीटिंग लावून, ब्लँकेट घेऊन, मायक्रोवेव्हमधली खिचडी खात मी मंदाला आणि खर्रेवाल्याला भेटायची. आठवड्याची ग्रोसरी, ऑफिसची डेडलाइन, इथं राहायच्या परवान्याचं, म्हणजे रेसिडेन्स कार्डाचं रिन्यूअल, सगळं त्या दोन तासांच्या अलीकडं किंवा पलीकडं.

आणि आईला काय आनंद! आधी तिला तिच्या मालिका लागायच्या, बाबांच्या खेळांना ती नाक मुरडायची. आता तिनं मालिका सोडून दिल्या. म्हणाली, "त्या रंगीत गर्दीत काई समजत नाई. यात काळं तं काळं, पांढरं तं पांढरं." मला वाटलं, आई शेवटी बाबांच्या पक्षात गेली. मध्ये एकदा मी बारा दिवसांसाठी घरी आले होते, चुलतभावाच्या लग्नाला. सबंध मांडवात आईनं माझा दंड सोडला नाही. बाया म्हणाल्या, पोरगी दूर गेली की माया वाढते. मीही सुखावले. मी दिलेला चहा तिनं सांडला तेव्हा मात्र ओरडले तिच्यावर.

मागच्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी सिनेमात बोलणं नसलेला लांब तुकडा आला. एक बाई, मोठं घर, भिंतीवर सावल्या. अशा वेळी बाबा गप्प असायचे. त्या दिवशी बोलायला लागले. "आता ती जिना चढून राह्यली. हातात मेणबत्ती हाये. थांबली. मागं पाह्यलं. दार लोटलं."

बाबा असं का बोलतायत? समोर दिसतंय ते कुणी सांगतं का? पुढच्या रविवारीही तेच. "तो हॅट काढून राह्यला. खुंटीले टांगली." मी इंटरनेटवर वाचायला बसले, आणि ज्यांनी असं वाचलंय त्यांना माहीत आहे की तिथं चांगली बातमी कधीच नसते. वयस्क माणसं एकटीच बडबडतात, डोळ्यांसमोरचं पुन्हापुन्हा सांगतात, पुढं वाढत जातं. मी ठरवून टाकलं की बाबांचं डोकं चाललं. मग फोनवर आडून आडून त्यांची परीक्षा घ्यायला लागले. आज वार कोणता हो बाबा? पवनारला आपण शेवटचे कधी गेलो होतो? शंभरातून सात किती वेळा जातात? दोन-तीन वेळा त्यांनी सरळ उत्तरं दिली. मग भडकले. "मले काऊन विचारतं वार? तिकडं कॅलेंडर भेटत नाई का? तुह्यापेक्षा माह्यं डोकं बरं हाये!" चिडणं हेही एक लक्षण असतं, असं मी वाचलं होतं. त्या रात्री मी झोपले नाही.

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम आहे. दिवसभर मी तेच करते. आणि घरात मी चुकीच्या माणसाकडं बघत बसले होते.

नोव्हेंबरात एका रविवारी खेळ रंगात आला असताना त्यांच्या दाराची बेल वाजली. बाबा उठून गेले. पडद्यावर मंदा, एकटी, पत्र वाचतेय. आवाज नाही, नुसतं पियानो. आईनं फोनच्या दिशेनं तोंड केलं आणि हळूच विचारलं, "शुभे, काय चाललं आता?"

मी म्हटलं, "आई, पाह्य ना समोर."

ती म्हणाली, "चष्मा नाई वं डोळ्यावर."

चष्मा तिच्या नाकावर होता. मला फोनमध्ये स्वच्छ दिसत होता.

पियानो माझ्याकडं आधी वाजत होता आणि त्यांच्याकडं थोडा उशिरा, एवढंच ऐकू येत होतं. बाबा परत आले, त्यांनी दोघींचे चेहरे पाहिले आणि टीव्हीचा आवाज बंद केला. मग बोलले. काचबिंदू. उजवा डोळा पूर्ण गेलेला. डाव्यात मधोमध एवढंसं उरलंय, नळीतून पाहावं तेवढं. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं चोरासारखा येतो. नागपूरच्या डॉक्टरांकडं गेले तोवर फार उशीर झाला होता. "तू गेली त्याच्याबी आधीपासून असंन, असं ते म्हणाले," बाबा म्हणाले.

दह्याचा चमचा. मांडवातला दंड. सांडलेला चहा. एकेक आठवत गेलं आणि मी बाबांवर तुटून पडले. किती वर्षं लपवलंत? मी कोण आहे तुमची? शेजाऱ्यांना माहीत असेल, मंदामावशीला माहीत असेल, मला नाही! बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सांगतलं असतं तं काय केलं असतं तू?"

"आले असते!"

"म्हणूनच नाई सांगतलं."

यावर मी आजही त्यांच्याशी भांडू शकते. पण खरं सांगू का? आले असते की नाही, याची मला तेव्हाही खात्री नव्हती. हीच गोष्ट मला जास्त खाते.

डाव्या डोळ्यात उरलंय तेवढं वाचवायला ऑपरेशन करायचं ठरलं. गेलेलं परत येणार नव्हतं, आहे ते टिकलं तर टिकलं. डॉक्टरांनी तारीख दिली त्या दिवशी माझं कार्ड रिन्यूअलमध्ये अडकलेलं होतं. तेव्हा निघाले असते तर परतीचा भरवसा नव्हता. कार्ड हातात येऊन तिकीट मिळालं ते ऑपरेशननंतर दोन आठवड्यांचं. एकच विचार डोक्यात घुमायचा, मी दारात उभी राहीन तेव्हा आईला मी दिसेन का? डॉक्टर म्हणाले होते की हा आजार मुलांतही उतरतो, म्हणून इथं माझेही डोळे तपासून घेतले. सध्या ठीक आहेत. तरी रोज सकाळी आधी एक डोळा झाकून आणि मग दुसरा झाकून मी भिंतीवरचं घड्याळ बघते.

शनिवारी नागपूरला ऑपरेशन झालं. पट्टी सोमवारी निघणार होती, त्याआधी काही सांगता येत नाही म्हणाले. रविवारी आई सिंदी मेघेच्या घरी, उजवा डोळा गेलेला, डावा बांधलेला. मी दीडला फोन लावला. वाटलं, आज कसला खेळ. तर बाबांनी टीव्ही लावून ठेवलेला. पण दवाखान्याच्या एसीत त्यांचा घसा असा बसला होता की नुसती फुसफुस ऐकू यायची.

आई म्हणाली, "शुभे, आज तू सांग."

मी सांगायला लागले. आणि लाज वाटली, कारण माझी भाषाच अडखळत होती. सहा वर्षांत ऑफिसात इंग्रजी, इथल्या मराठी मंडळात पुणेरी. "ती दरवाजा उघडते आहे," मी म्हटलं. आई म्हणाली, "कोण, बातम्या देणारी का?" बाबा घसा नसताना हसले. मग मी जरा सैल झाले. "ती दार उघडून राह्यली."

"कसं दार हाये?"

"लाकडी."

"तुहे बाबा कडीसुद्धा सांगते. घाई करू नको."

मग मी कडी सांगितली. जिन्याचा कठडा, खर्रेवाल्याच्या हॅटची वाकलेली कड, मंदाच्या गालावरची खिडकीची सावली, सगळं सांगितलं. चाळीस वर्षं बाबा काय पाहत होते ते मला त्या दिवशी कळलं. सांगायचं असलं की नीट पाहावं लागतं.

खेळ संपला. मला फोन ठेवायची भीती वाटत होती, कारण त्यानंतर फक्त सोमवार उरला होता. आई म्हणाली, "आता तुहं घर सांग."

"अगं, दाखवलंय की तुला. किती वेळा." फोन हातात धरून मी तिला हा फ्लॅट खोलीखोलीनं फिरवला होता. किचन दाखवलं, खिडकीतलं बर्फ दाखवलं, नवा सोफा दाखवला. दरवेळी ती म्हणायची, "छान हाये, छान हाये." तिला त्यातलं काही धड दिसलं नव्हतं. सहा वर्षं माझी आई मला कुठल्या तरी अंधाऱ्या जागी ठेवून रोज झोपत होती.

मी उठले, बाहेर जिन्यात गेले आणि दार ओढून घेतलं. मग सांगायला लागले. "दुसरा मजला हाये, आई. दार हिरवं हाये. कडी पितळी, उजव्या हाताले. आता मी उघडून राह्यली. आत आली की लहानसा पॅसेज. समोर खिडकी. खिडकीतून पार्किंग दिसते, ओली. भिंतीले तुहं विणलेलं तोरण लावलं हाये." कुठं काय, किती पावलांवर, सगळं सांगितलं. ती मध्येच हं म्हणायची. मी रडत होते आणि ते तिला ऐकू येत होतं, पण दोघींनीही तो विषय काढला नाही.

घर कुठं, असं मला इथले लोक विचारतात. आधी मी वर्धा म्हणायची, मग डब्लिन म्हणायला लागले, आणि दोन्ही वेळा खोटं बोलल्यासारखं वाटायचं. आता वाटतं, जे सिंदी मेघेतल्या टीव्हीसमोरच्या खुर्चीवर बसून आईला दिसलं, तेच माझं घर. तोवर मी नुसती भाड्यानं राहत होते.

सगळं सांगून झालं. आई खुर्चीत मागं टेकली. माझा जीव पुन्हा वरखाली. झोपली का? दुखतंय का? दह्यावरून, चहावरून मी रागावले होते म्हणून रागावली का?

मग ती म्हणाली, "चपला कुठं काढू?"

"आत आली की डाव्या हाताले, आई," मी म्हटलं. "जागा हाये."