बंदरावरचा माणूस

ताट समोर आलं की काका उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. पंगतीतल्या सगळ्यांनी थांबायचं, असा त्याचा अर्थ. मग सदऱ्याच्या खिशातून प्लास्टिकची छोटी डबी निघायची, तिच्यातली कॅप्सूल घोटभर पाण्याबरोबर आत जायची आणि ते म्हणायचे, "बंदरावर माणूस उभा केलाय. आता येऊ दे जहाज!"

जहाज म्हणजे बंगाली मिठाईतला संदेश, नाहीतर रसगुल्ला, नाहीतर हिवाळ्यात नव्या गुळाची खीर.

मी बँकेच्या बदलीवर कलकत्त्याला आले, तेव्हा सॉल्ट लेकमधल्या आमच्या इमारतीत मराठी बोलणारं दुसरं घर त्यांचंच, आमच्या बरोबर खालचं. ते कस्टम्समधून निवृत्त झालेले. मूळचे सांगलीकडचे, पण नोकरीची अखेरची वर्षं खिदिरपूरच्या गोदीत गेली आणि मग इथेच राहिले. कारण विचारलं तर म्हणायचे, "सांगलीत संदेश कुठे मिळतो?" मी त्यांना काका म्हणायची. तुम्हीही म्हटलं असतंत. माझं सामान ट्रकमधून उतरत होतं, तेव्हाच ते जिलबीचा पुडा घेऊन वर आले होते. "नव्या माणसाच्या तोंडात पहिल्या दिवशी गोड पडलं नाही, तर तो परत बदली मागतो," असं त्यांचं म्हणणं. मला तर जिलबी खाऊनही बदली मागावीशी वाटत होती, पण ते त्यांना सांगायचा धीर झाला नाही.

मधुमेह त्यांना जुनाच होता. काकू त्यांना सकाळ-संध्याकाळ पोटावर इन्सुलिन टोचायच्या. "ज्याच्यापुढे जहाजांचे कप्तान उभे राहायचे, त्याने रोज बायकोपुढे सदरा वर करायचा," असं ते थट्टेत म्हणत. काकू हसायच्या. ते मात्र हसत नसत.

अशात त्यांच्या पुतण्याने परदेशातून त्या कॅप्सूलची बाटली आणली. तिच्यात एक एन्झाइम होतं. जेवणाआधी घेतलं की ते खाल्लेल्या साखरेतला काही भाग पोटातच गाठतं आणि त्याचा न पचणारा चोथा करून टाकतं, मग तेवढी साखर रक्तात जात नाही, असं बाटलीवर छापलेलं. त्याखाली बारीक अक्षरांत असंही होतं की चालू औषधं बंद करू नयेत. काकांची सगळी हयात बारीक अक्षरं वाचण्यात गेलेली. नेमकी तीच ओळ त्यांच्या नजरेतून कशी सुटली, कोण जाणे.

कोपऱ्यावरचे बंगाली डॉक्टरही बजावून म्हणाले होते, "दादा, लेना है तो लीजिए. लेकिन इंसुलिन चलेगा." काकांनी मान डोलावली. पण जिन्यात मला गाठून त्यांनी आपला सिद्धांत ऐकवला. "हे बघ, माल अडवायचा तो बंदरावर. एकदा शहरात शिरला की मग गल्लीबोळ धुंडाळत बसा. इन्सुलिन म्हणजे ते गल्लीबोळ धुंडाळणं. बंदरावर चोख माणूस असेल तर शहरात पोलीस हवेत कशाला?"

ऐकायला अगदी बिनतोड. बँकेत आमच्याकडे कर्ज मागायला येणाऱ्यांचं बोलणंही असंच बिनतोड असतं.

सुरुवातीला जेवणानंतरची साखर खरंच थोडी उतरली. मशीन घेऊन ते वर आले, मला आकडा दाखवला आणि लहान मुलासारखे खूश होऊन गेले. त्या दिवसापासून सकाळी उपाशीपोटी तपासायचं त्यांनी सोडून दिलं. काकूंनी टोकलं तर म्हणायचे, "उपाशीपोटी काय मोजायचं? जहाजच लागलेलं नाही." पुढे जेवणानंतरचेही आकडे चढू लागले. तेव्हा म्हणाले, कलकत्त्याच्या हवेत मशीनच्या पट्ट्या सादळल्यात. इथे पापड सादळतात, बिस्किटं सादळतात, त्यामुळे तेही सगळ्यांना पटलं.

मग एक दिवस त्यांनी काकूंना सांगितलं, "तुझे हात थरथरतात. यापुढे माझं मी टोचून घेईन." काकूंना सुटल्यासारखं झालं. माझ्याकडे येऊन त्या म्हणाल्या, "नवऱ्याला सुई टोचायची म्हणजे रोज जिवावर यायचं गं." काका न्हाणीघरात जायचे, दार लावायचे, जरा वेळाने बाहेर यायचे. इन्सुलिनचं पेन वेळच्या वेळी रिकामं होत होतं. न्हाणीघराला मात्र दवाखान्यासारखा वास येऊ लागला. कामाच्या मालतीने फिनेल जास्त ओतलं म्हणून काकूंनी तिला दोन-तीनदा चांगलं फैलावर घेतलं.

काका बारीक होत चालले. "पोट गेलं बघा!" म्हणत पट्ट्याला पाडलेली नवी भोकं दाखवायचे. मराठी मंडळींच्या गणपतीत सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. दोघातिघांनी कॅप्सूलचं नावही विचारून घेतलं.

दुर्गापूजेला इथे घरोघर नवी पादत्राणं येतात. काकांनी सांगलीहून कोल्हापुरी मागवली आणि पहिल्याच संध्याकाळी ती घालून मंडपामागून मंडप पालथे घातले. आम्ही बाकीचे पाय ओढत परतलो. ते ताठ चालत होते. "नवी कोल्हापुरी सगळ्यांना चावते. मला नाही चावली!" नवी कोल्हापुरी न चावलेला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. आपण सगळे हसतो अशा वेळी. मीही हसले.

दशमीला काकूंना फरशीवर लाल डाग दिसले. शेजारच्या बंगाली बायका लाल आलता लावलेल्या पायांनी येऊन गेल्या होत्या, त्यांचेच असतील असं समजून काकूंनी ते पुसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसले. मग त्यांनी काकांचा पाय उचलून पाहिला आणि मला खालूनच हाक मारली. ती हाक मी विसरू शकत नाही. तळव्याला खोल जखम झाली होती, बोटं काळी पडली होती आणि काकांना दुखत मुळीच नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये इन्सुलिन नियमित घेता का, असं विचारलं तर ते आधी हो म्हणाले. रक्ताच्या तपासणीने ते खोटं पाडलं. तेव्हा भिंतीकडे बघत म्हणाले, "बेसिनमध्ये सोडत होतो." जन्मभर दुसऱ्यांची चोरी पकडलेला माणूस, स्वतः लपवायला बसल्यावर कोणाच्या हाती लागणार?

"आणि त्या वासावरून मी मालतीला बोलले," एवढंच काकू म्हणाल्या.

तिथली डॉक्टर तरुण होती, पण तिने चिडचिड केली नाही. खाटेशी बसून म्हणाली, "आंटी, सुनिए. अंकल, आप भी. चीनी सिर्फ़ मुँह से नहीं आती. लिवर ख़ुद बनाता है, आप भूखे हों तब भी. उसे इंसुलिन ही रोकता है. वो कैप्सूल वहाँ तक पहुँचती ही नहीं."

 काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "म्हणजे माल शहरातच तयार होत होता?"

मी त्यांच्या पांघरुणाची कड सारखी केली.

"आणि मी बंदरावर उभा," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

पाय गुडघ्याखाली कापला. तरी विष अंगात भिनत गेलं आणि त्याच आठवड्यात ते गेले. कॅप्सूलला मी दोष देत नाही. तिने तिच्यापुरतं काम केलंही असेल. राग येतो तो त्यांचा. इतक्या हुशार माणसाचा इतका राग यावा आणि तो ऐकून घ्यायला तो माणूसच नसावा, याचाही येतो.

तेराव्याला गोडाचं जेवण करावंच लागतं. पुण्याहून आलेल्या त्यांच्या मुलीने पानं वाढली. श्रीखंड होतं आणि प्रत्येकाच्या पानात एकेक संदेश, काकांना आवडायचा म्हणून. वाढून झालं, पाणी फिरवून झालं, तरी कोणाचा हात पानाकडे जाईना. सगळे मान खाली घालून बसलेले. वर बघायची माझीही हिंमत होईना, कारण आम्ही कशासाठी थांबलोय ते प्रत्येकाला ठाऊक होतं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळ्या पंगतीवरून नजर फिरवली.

"जेवा," त्या म्हणाल्या. "आता कोणी थांबवणार नाही."