बाल्कनीतलं गाऱ्हाणं

लग्न ठरण्याआधी मुलाने मुलीला सिनेमाला न्यायचं, हे खूळ आमच्या घरात माझ्यापासून सुरू झालं आणि माझ्यापाशीच संपलं. माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी बाबांनी सांगून टाकलं, "काय बघूचा ता घरात बसान बघा." त्या दुपारची आठवण निघाली की अजून माझे कान तापतात.

आम्ही मूळचे सिंधुदुर्गातले. बाबा डिचोलीला खाणीवर ट्रक चालवायला आले आणि तिथेच राहिले. मुळगावच्या बाजूला खनिज भरायचं आणि नदीच्या धक्क्यावर नेऊन ओतायचं, हे त्यांचं काम. आंघोळीला बसले की पहिले दोन तांबे पाणी लालच वाहायचं. मी साखळीच्या एका शाळेत लहान मुलांना मराठी शिकवायचे. गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळून थोडीच वर्षं झाली होती. कोकणी राजभाषा झाली होती आणि मराठीचं काय, यावर बाजारात मासळीचा भाव करतानासुद्धा लोक हमरीतुमरीवर यायचे. अशा दिवसांत मराठीची बाई म्हणजे मला केवढा तोरा! पोरांनी 'पाणी'चं 'पानी' केलं की माझं डोकं उठायचं. आणि घरी यावं तर बाबा, त्यांची मालवणी आणि इंजिनाच्या वरताण आवाज. कोकणी की मराठी असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, "माझ्या ट्रकाक दोनय कळतत. डिझेल घाल म्हंजे झाला."

बाबांना एक मान मात्र होता. पावसाळा सरून खाणी सुरू झाल्या की पहिली गाडी हलण्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं ते त्यांनीच. देवाला हाक मारायची, आपलं मागणं मोकळ्या आवाजात सांगायचं, आणि दर वाक्याला जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. बाबांचं गाऱ्हाणं झाल्याशिवाय आमच्याकडचा एकही ड्रायव्हर चावी फिरवत नसे. मला त्याचाही संकोच वाटायचा. शाळेतल्या दुसऱ्या बाईंचे वडील पोस्टात होते. त्यांना असलं काही करावं लागत नव्हतं.

अशात पेडण्याचं स्थळ आलं. घर चांगलं, पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. मुलगा बँकेत. बघून गेले, पोहे आवडले, मीही आवडले असावे. मलाही मुलगा आवडला होता, अगदी खरं सांगायचं तर फार आवडला होता. हे लग्न मोडलं असतं तर मी कुणाला दाखवलं नसतं, पण मोडले असते मीच. होकार काही आला नव्हता. तेवढ्यात मुलाच्या वयनीचा, म्हणजे थोरल्या वहिनीचा, निरोप आला: रविवारी डिचोलीला येतो, मुलगा-मुलगी मिळून एक सिनेमा बघू देत, मी असेन सोबतीला. मुलीच्या बाजूने कोण? बाबांनी लगेच इस्त्रीचा शर्ट काढला.

थिएटरवर हिंदी कौटुंबिक चित्रपट लागायचा होता. त्याच्या रिळांची पेटी काही आली नाही, म्हणून मालकाने कुठलासा इंग्रजी लावला होता. पोस्टरवर एक मोडकं विमान आणि दात काढून हसणारे दोघे वैमानिक. वयनी म्हणाल्या, "विमानाचो पिक्चर. बरो आसतलो." आम्ही बाल्कनीत बसलो. पलीकडे मुलगा, मग वयनी, मग मी, माझ्या या अंगाला बाबा. रविवारी ट्रक बंद, त्यामुळे खालचा वर्ग सगळा आमच्याकडच्या ड्रायव्हर-क्लिनरांनी भरलेला. मी देवाला म्हटलं, एवढे अडीच तास निभावून ने.

इंग्रजी बोलणं कुणालाच धड कळत नव्हतं, मलाही नाही. पण गोष्ट कळत होती. कुठल्याशा जंगलात लढाई चाललेली, आणि हे वैमानिक तिथे चोरून माल पोचवत होते. विमानाचं दार सुंभाने बांधलेलं. आत तांदळाची पोती, कोंबड्यांची खुराडी आणि खाली काही पेट्या, ज्यांच्याकडे कुणी बघायचंच नाही. लाथ मारल्याशिवाय इंजिन सुरू होत नसे. खालून आवाज आला, "अरे, ही तर आमचीच गाडी!" हशा पिकला. मग पडद्यावर कडक शर्टातला एक साहेब आला. पत्रकारांनी नकाशावर बोट ठेवून काही विचारलं, तर हा दोन्ही हात हलवून सांगतो, छे छे, विमानं कसली, लढाई कसली! त्याच्या डोक्यावरूनच एक विमान घरघरत गेलं. "हो तर आमचो कॉन्ट्रॅक्टर मेलो!" खालून कुणीतरी ओरडलं आणि शिट्ट्या सुरू झाल्या.

बाबा पुढे सरकून बसले होते. आधी पुटपुटत होते, मग चांगलं ऐकू येईल असं बोलायला लागले. "अरे, उतार हा, गिअर बदल! तेका म्हणा, लोड कमी कर." मी कोपराने ढोसलं. वयनींनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी पडद्यावरून नजर हलवली नाही.

आणि मग त्या विमानाचं इंजिन बंद पडलं. समोर डोंगर. दोघांतला जाडा वैमानिक लाथांवर लाथा मारतोय, कोंबड्या सुटून आतच उडताहेत. खरं तर हसायचा प्रसंग. वैमानिक वायरलेसवर ओरडत होता, आणि तिकडे कडक शर्टातल्या साहेबाने शांतपणे रिसीव्हर बाजूला ठेवला आणि मान हलवली. आमचं असं कुठलं विमानच नाही.

बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं बाहेर चालले. त्यांनी हात जोडले.

"देवा म्हाराजा!"

कपाळ माझं! सबंध थिएटर दणाणलं.

"आज हे जे कोणा आयबापाचे झील संकटात सापडले हत…"

"व्हय म्हाराजा!" खालून शंभर गळे.

"तेंचो कोण वाली नाय, तेंका कोण आमचो म्हणाक तयार नाय…"

"व्हय म्हाराजा!"

"तेंचा काय चुकला माकला आसात ता पदरात घे, आणि तेंका सुखरूप भुंयेर टेकय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी त्यांचा शर्ट ओढत होते. माझी शुद्ध मराठी कुठल्या कुठे पळाली आणि मी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "गप रवा हो बाबा, लोक बघतत!"

आणि लोक बघतच होते. बाल्कनीतला एकूण एक माणूस पडदा सोडून आमच्याकडे वळला होता. मुलाने रुमाल तोंडावर धरला होता आणि त्याचे खांदे हलत होते. वयनींनी पदर सावरून घेतला. पडद्यावर विमान कुठल्याशा तळ्यात पडलं आणि जाडा वैमानिक डोक्यावर कोंबडी घेऊन वर आला. खाली जल्लोष झाला, कुणी नाणी उधळली. बाबा खाली बसले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसायला लागले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं होतं. पुढचा सिनेमा मी पाहिलाच नाही. नखं कुरतडत बसले.

सुटल्यावर हॉटेलात भाजी-पाव मागवला. शेवटी वयनीच अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "मामा, राग मानू नाकात. पण लग्नाच्या मांडवात असले काय नाका हां. आमचे पावणे बँकेतले, पणजेचे. हांसतले." म्हणजे लग्न होणार होतं! बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. रागे भरलेल्या लहान पोरासारखं त्यांचं तोंड झालं. "नाही नाही," ते म्हणाले, आणि तेही मालवणीत नाही. "क्षमा असावी. पुन्हा होणार नाही." बाबांच्या तोंडून 'क्षमा असावी' मी पहिल्यांदा ऐकलं. मी पावाचा तुकडा भाजीत बुडवत राहिले.

घरी जाताना ते दोन पावलं पुढे चालत होते. मग म्हणाले, "तेची गाडी गेली तेव्हा माझ्या तोंडातसून शब्द फुटाक नाय गो."

कुणाची ते विचारायची गरज नव्हती. त्यांच्याच गावचा, त्यांच्याच बरोबर आलेला एक जोडीदार होता. आमच्या घरी जेवायला असायचा, मला चिडवायचा. त्याचा भरलेला ट्रक ब्रेक न लागून खाणीच्या खड्ड्यात गेला. बाबा मागच्याच गाडीत होते. नंतर कॉन्ट्रॅक्टरने सांगितलं की त्या दिवशी ती गाडी आमच्या कामावर नव्हतीच. त्याच्या बायकोला काही म्हणजे काही मिळालं नाही. हे सगळं मला ठाऊक होतं, आणि थिएटरात ते मला आठवलं नव्हतं. मला आठवत होता फक्त मुलाच्या तोंडावरचा रुमाल. घर येईपर्यंत मला बाबांकडे बघवेना.

पेडण्याला कौल घ्यायला देवाच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या लावल्या, उजवी पडली, म्हणजे देवाचा होकार. लग्न ठरलं.

आमच्यात मांडवात नारळ ठेवून गाऱ्हाणं घातल्याशिवाय मुलगी बोहल्यावर चढत नाही. ते टाळता येणार नव्हतं. बाबांनी ते बदललं. पणजीच्या एका लग्नात माईकवर बोलणाऱ्याचं ऐकून त्यांनी वाक्यं पाठ केली होती. आई म्हणायची, ट्रक धुताना म्हणत असतात. मी हसून सोडून दिलं होतं.

मांडव भरला. पुढच्या खुर्च्यांवर बँकेचे पाहुणे, मागे उभे सगळे ड्रायव्हर, डोक्याला तेल लावून, नखांत लाल माती तशीच. बाबांनी नारळ ठेवला, हात जोडले. ड्रायव्हरांनीही जोडले.

"हे परमेश्वरा," बाबा म्हणाले, हळू आवाजात. "आज या शुभप्रसंगी आपली कृपादृष्टी असावी."

मागे दोघाचौघांची तोंडं उघडली आणि मिटली. काय म्हणायचं तेच त्यांना कळेना. म्हाराजाला हाकच नव्हती मारलेली.

"उभयतांचा संसार सुखाचा व्हावा, ही नम्र… नम्र विनंती."

कुणी म्हणजे कुणी काही बोललं नाही. पुढच्या खुर्चीतल्या कुणीतरी समजुतीने मान डोलावली. बाबा पुढचं वाक्य विसरले होते. ओठ हलत होते, मानेवर घाम आला होता, आणि ते नारळाकडे बघत होते. माझ्या मराठीची मला त्या क्षणी शिसारी आली. माझ्या तोंडून निघालं ते मोठ्याने निघालं.

"व्हय म्हाराजा!"

बायका असं म्हणत नाहीत, नवरी तर नाहीच नाही. आवाज फाटला होता. सगळा मांडव वळला. वयनी वळल्या, मुलगा वळला. मागून ड्रायव्हरांपैकी एकानेही साथ दिली नाही, त्यांनाही लाजल्यासारखं झालं असावं. मी बाबांकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ते मोकळ्या गळ्याने सुरू करतील.

बाबा माझ्याजवळ आले. तिरक्या झालेल्या मुंडावळ्या सरळ केल्या आणि कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "गप रव गो बाय. लोक बघतत."